सेट या शब्दाचे अर्थ आणि गोपिकाबाईंचा डावा हात

चंद्रभान मास्तरांना सूत कातता येत नसे. खादीच्या नालवाडीत राहणाऱ्या आणि वर्ध्याच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्या काळी असं सांगणं म्हणजे भटजींना संध्या येत नाही असं सांगण्यापैकीच होतं. पण मास्तरांनी ते कधी लपवलं नाही. लपवता येण्यासारखंही नव्हतं. कापसाचा पेळू हातात धरला की हातभर निघायच्या आत तार तुटायची, आणि नाही तुटली तर तिची सुतळी व्हायची.

मास्तर इंग्रजीचे. वीस वर्षं त्यांनी लहान वर्गांना इंग्रजी शिकवली. स्वातंत्र्य आलं आणि काही वर्षांनी खालच्या वर्गांतून इंग्रजी उठली. कोणी मास्तरांशी वाईट वागलं नाही. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी त्यांना खोलीत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "इंग्रज गेले तवा तुमाले काई झालं नाई, मास्तर. मंग इंग्रजी गेल्यावर काऊन होईन?" एवढं बोलून त्यांनी वरच्या एका वर्गाचे चार तास, पुस्तकांच्या दोन कपाटांच्या किल्ल्या आणि कताईचा तास मास्तरांच्या हवाली केला.

कताईच्या तासाला मुलं कातत आणि मास्तर त्यांच्याकडे पाहत बसत. शिक्षकांनीही दर महिन्याला थोडं सूत जमा करायचं असा शाळेचा नियम होता. मास्तर बायकोचं, गोपिकाबाईंचं, सूत नेऊन देत. पुंडलिकराव सुताची गुंडी खिडकीपाशी उजेडात धरत, बोटांवरून फिरवत.

"हे तुमचं सूत?"

"माझ्या घरचं आहे."

"तेच म्हणतो. तुमचं सूत मी पाह्यलं हाय. त्यानं बैल बांधता येते."

गोपिकाबाईंचं सूत खरोखरच वेगळं होतं. खादी भांडारात सूत घेणारा माणूस त्यांच्या गुंड्या सगळ्यांच्या ढिगात टाकत नसे. बाजूला ठेवत असे, आणि कोणी कारण विचारलं तर 'हात लावून पाहा' एवढंच म्हणे. पहाटे घरचं आवरून त्या चरख्यापाशी बसत. उजव्या हातानं चाक फिरे, डावा हात पेळू धरून मागे मागे जाई आणि डोळे भलतीकडेच असत, बहुधा अंगणातल्या कारल्याच्या वेलाकडे. सुताकडे पाहावं लागत नसे. ते अंगठा आणि जवळच्या दोन बोटांना कळत असे.

त्या वर्षी गोपिकाबाई थोरल्या मुलीच्या, जिजाच्या, लग्नाच्या लुगड्याचं सूत कातत होत्या. मुलगा सिंदीचा, रेल्वे गोदामात कारकून. लग्न मार्गशीर्षात. आईच्या हातच्या सुताचं लुगडं नेसून मुलीनं बोहल्यावर चढायचं, ही त्या काळच्या खादीच्या घरांतली रीत, आणि गोपिकाबाईंनी ती मनावर घेतली होती. विणकर डोमाजीनं सुरुवातीलाच बजावलं होतं, "एका हाताचं सूत आनजा, बाई. दोन हाताचं एका लुगड्यात घातलं का पट्टा उमटते. पाण्यात गेल्यावर एक आकसते अन् एक नाई आकसत. मंग माह्या नावानं बोंब." माघ संपेपर्यंत निम्म्याहून जास्त सूत झालं होतं. बाकीचं दिवाळीपर्यंत आरामात झालं असतं.

आता त्या शब्दाकडे यायला हवं.

मास्तरांच्या ताब्यातल्या एका कपाटात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. वाळवीनं त्याची पहिली दोन अक्षरं संपवली होती. तिसऱ्यावर ती का थांबली हे कळायला मार्ग नव्हता. एका रिकाम्या तासाला मास्तरांनी तो मध्येच कुठेतरी उघडला तर 'सेट' हा शब्द निघाला. पान उलटलं, तरी सेट. आणखी एक उलटलं, तरी सेटच. तीन अक्षरांचा शब्द. नवशिक्या मुलांना ते पहिल्या महिन्यातच शिकवून टाकत, आणि त्याचा अर्थ सांगत, 'ठेवणे'. म्हणजे वीस वर्षं आपण शंभरातला एक अर्थ सांगत आलो, आणि तोही फारसा बरोबर नाही, हे मास्तरांना त्या तासाला कळलं. घंटा झाली तरी ते उठले नाहीत. तसा पुढचा तासही रिकामाच होता.

त्यांनी या एका शब्दाचे सगळे अर्थ मराठीत लिहून काढायचं ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. आपल्याकडे सूर्य मावळतो, दही लागतं, सापळा लावतात, ताटं मांडतात, खडा जडवतात, परीक्षेचा पेपर काढतात आणि सिमेंट धरतं. मराठी माणसाला इतक्या कामांना इतकी क्रियापदं लागतात. इंग्रज एकच शब्द खिशात घालून सगळीकडे जातो. क्रियापदांत एवढी बचत झाल्यामुळेच त्यांना दुसऱ्यांच्या देशात जायला सवड मिळाली असावी, असं मास्तरांचं मत झालं. ते त्यांनी पुंडलिकरावांना ऐकवलं. पुंडलिकराव म्हणाले, "हे वरच्या वर्गाले सांगू नोका. पेपरात लिहितीन."

शाळेच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, की हातानं केल्याशिवाय ज्ञान नाही. याच वाक्यापायी इंग्रजीच्या जागी कताई येऊन मास्तरांचे तास गेले होते. दुसरा कोणी असता तर त्या भिंतीकडे पाठ करून बसला असता. मास्तरांनी ते वाक्य उचललं आणि आपल्या शब्दाला लावलं: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही अर्थ लिहायचा नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी कार्डं केली. वर अर्थ, खाली कुठे पाहिला, कोणासमोर पाहिला, तारीख. शाळेनं त्यांना पेटीचा चरखा दिला होता. त्यातला चरखा काढून त्यांनी माळ्यावर टाकला आणि पेटीत कार्डं ठेवली.

हे काम चार वर्षं चाललं. बंडूजी सुतार करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवत बसला होता. इंग्रजीत त्यालाही सेटच. मास्तर दुपारभर त्याच्याजवळ बसले आणि शेवटी विचारलं, "तुमच्यात याले काय म्हणते?"

"आमच्यात याले काई म्हणत नाई," बंडूजी म्हणाला. "आमी करतो."

शेजारच्या भागाबाईंनी कोंबडी अंड्यांवर बसवली तेव्हा मास्तर तीन संध्याकाळी तिच्यासमोर जाऊन बसले. भागाबाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गुर्जी, तुमी असे बसले तं ते उठन. मंग अंड्यावर तुमालेच बसा लागन."

गोपिकाबाईंनी या सगळ्यावर एकदाच तोंड उघडलं.

"एका शब्दापाई एवढं?"

"तू सुतापाई बसतच ना."

"सुताचं लुगडं होते," त्या म्हणाल्या, आणि चाक फिरवू लागल्या.

पेटीत शंभरावर कार्डं झाली. काही नुसतीच नाव घालून कोरी ठेवलेली, पाहायला न मिळालेल्या अर्थांची. त्यांत एक हाड बसवण्याचं होतं. टिकारामला मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, की कोणाचं हाड बसवायला निघालास तर मला हाक मार. टिकाराम मूळचा आष्टीकडचा, गोंड, जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोवर मजूर. घरी बायकोशी तो आपल्या भाषेत बोले, डेपोवर कोणाशीच बोलत नसे, आणि हाडं बसवण्याबद्दल पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. तो म्हणाला होता, "हाड मोडनारा सांगून येत नाई, गुर्जी." दोन वर्षं ते कार्ड कोरंच राहिलं.

लुगड्याचं सूत चाललं होतं त्याच वर्षी, फाल्गुनात एका सकाळी, विहिरीवर दोर तुटला आणि पाणी ओढणाऱ्या गोपिकाबाई मागच्या मागे दगडावर पडल्या. पडताना डावा हात खाली टेकला. घरी आणलं तेव्हा मनगट पळीच्या दांड्यासारखं वाकलं होतं. अंगणात बाया जमल्या. "बरं झालं, डावाच हाय," भागाबाई म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या. गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. उजवा हात नुसतं चाक फिरवतो, कातणारा हात डावा, हे अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण अशा वेळी तोंडातून जे निघतं ते निघतं.

"बाबा, दवाखान्यात नेऊ," जिजा म्हणाली. "बंडूजीची बंडी जुतलेली हाय."

मास्तर म्हणाले, "टिकारामले आणतो."

कारणं होती. दवाखान्यात प्लास्टर घातलेल्या दोघांचे हात आखडलेले मास्तरांनी पाहिले होते. भागाबाईंच्या भावाचा पाय टिकारामनं बसवला होता आणि तो आता नाक्यापर्यंत पळत जात असे. मास्तरांनी ही कारणं अंगणात सांगितली आणि ती सगळ्यांना पटली, कारण ती खरी होती. फक्त निघण्याआधी ते घरात गेले, पेटी उघडली आणि एक कार्ड काढून सदऱ्याच्या खिशात घातलं. पेटी भिंतीपाशी होती. गोपिकाबाईंना भिंतीलाच टेकवून बसवलं होतं.

टिकाराम आला. त्यानं मोहाच्या टोळीचं तेल कोमट करायला सांगितलं, बांबूच्या कामट्या तासून सारख्या केल्या, धोतराच्या पट्ट्या फाडून मांडीवर ठेवल्या. मग मनगटावर तेल लावत लावत तो हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिला. ते मंत्र होते की त्या हाताला आपल्या भाषेत काही समजावणं होतं, हे मास्तरांना कळलं नाही. विचारायची ती वेळ नव्हती, तरी त्यांच्या मनात आलं.

"गुर्जी, कोपराच्या वर धरा. दोनी हातानं. मी वढीन तवा हालू देऊ नोका. बाकी काई करू नोका."

मास्तरांनी दोन्ही हातांनी धरलं. जिजानं आईचं डोकं छातीशी घेतलं. टिकारामनं आपला पाय जमिनीत रोवला, गोपिकाबाईंचा पंजा हातात घेतला आणि ओढायला लागला. घाई नव्हती, विणकर ताणा ओढतो तशी सारखी ओढ होती. गोपिकाबाईंच्या घशातून एक आवाज निघाला. ती किंकाळी नव्हती. मास्तरांनी लग्नाच्या तेवीस वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता.

त्यांचे हात सुटले.

"सोडलं का, गुर्जी!"

मास्तरांनी पुन्हा धरलं, पण टिकाराम थांबला होता. त्यानं अंगठ्यानं मनगट चाचपलं, पुन्हा चाचपलं. "अर्धं बसलं, अर्धं सरकलं," तो म्हणाला. "पुन्ना वढा लागते. आत्ताच. निबर पडलं का मंग होत नाई."

गोपिकाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वढा," त्या म्हणाल्या.

"नको," मास्तर म्हणाले. "राहू दे, टिकाराम. तिले सोसत नाई."

"मी सांगून राह्यली ना. वढा."

"राहू दे म्हणतो ना मी."

टिकारामनं दोघांकडे पाहिलं. बाईमाणसाचं हाड बसवायचं तर शब्द घरधन्याचा, हा त्याच्या कामातला जुना कायदा होता, आणि त्यामुळे आजवर त्याच्यावर कधी भांडण आलं नव्हतं. त्यानं एक क्षण वाट पाहिली. मग कामट्या उचलल्या आणि पट्ट्या बांधायला घेतल्या. जाताना दारात म्हणाला, "वाकडा राहीन, गुर्जी. माह्यावर घेऊ नोका."

त्या दिवशी मास्तरांना वाटलं, आपण दया केली.

कामट्या चैत्राच्या शेवटी सुटल्या. हात वाकडा होता, पण त्याचं एवढं नव्हतं. वाकड्या हातांनी माणसं आयुष्य काढतात. अंगठा आणि त्याच्या जवळची दोन बोटं बधिर झाली होती. करंगळी जिवंत होती, तिच्या शेजारचं बोटही होतं. ज्या तिघांचं काम होतं तेच तिघे गेले होते. एकदा भाकर उलटताना तव्याचा चटका बसला आणि तो गोपिकाबाईंना वासावरून कळला.

त्या चरख्यापाशी बसल्या. उजव्या हातानं चाक फिरवलं, डाव्यात पेळू धरला, हात मागे नेला. तार चार बोटं निघाली आणि तुटली. तुटली हे त्यांना समजलं नाही. डोळे वेलाकडे होते. चरख्याची चाती रिकामी फिरत राहिली आणि त्या हात मागे नेत राहिल्या, हात पूर्ण ताणला जाईपर्यंत. जिजा दारात उभी होती. ती म्हणाली, "माय, तुटलं." गोपिकाबाईंनी खाली पाहिलं. मग सुताकडे पाहून कातायचा प्रयत्न केला. डोळ्यांनी पाहून कातलेलं सूत मास्तरांच्या सुतासारखं निघालं. त्यांनी पेळू टोपलीत ठेवला आणि टोपली झाकली.

राहिलेलं सूत जिजा कातायला बसली. तिचा हात बरा होता, आईनंच शिकवलेला. पंधरा दिवसांनी दोन गुंड्या घेऊन ती डोमाजीकडे गेली. डोमाजीनं एक आईची, एक लेकीची, अशा दोन्ही गुंड्या दोन हातांत धरल्या, डोळे मिटून बोटं चोळली.

"सूत वाईट नाई, पोरी. पन हे दुसऱ्याचं हाय."

"दुसऱ्याचं कायचं? मायच्याच पोटची हाव मी."

"तुह्या पोटाचं मी काई म्हनत नाई. लुगड्याले पट्टा पडन. तुमी म्हनान तं विनतो." 

जिजानं हे घरी सांगितलं. गोपिकाबाई म्हणाल्या, "थांब म्हनावं." कशासाठी थांबायचं ते त्या बोलल्या नाहीत. घरात तशीही बोलायची पद्धत उरली नव्हती. भांडण नव्हतं. कोणी रुसलं नव्हतं. जेवण वेळेवर होई, पाणी वेळेवर भरलं जाई, मास्तर शाळेत जात आणि परत येत. जिल्हा मध्यप्रदेशात राहणार की मुंबईकडे जाणार यावर वर्ध्याच्या चौकात माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मास्तर सायकल हातात धरून त्यांच्या मधून निघून येत आणि घरी आल्यावर चौकात काय चाललंय असं कोणी विचारलं तर त्यांना आठवत नसे. कार्डांची पेटी त्यांनी उघडली नाही. बंडूजी एकदा आपणहून सांगायला आला, की गिरणीत नवीन यंत्राची पाती बसवून राह्यले, चला पाहाले. मास्तर म्हणाले, "तुमी पाहून या."

वैशाखात त्यांनी माळ्यावरचा चरखा काढला आणि शाळेत देण्यापुरतं सूत स्वतः कातलं. पुंडलिकरावांनी गुंडी खिडकीपाशी नेली. बराच वेळ त्यांनी ती फिरवली.

"आज तुमचं हाय," ते म्हणाले. वहीत नोंद केली आणि गुंडी नेहमीच्या जागी ठेवली.

ज्येष्ठात एका रविवारी दुपारी मास्तर ओसरीवर आडवे झाले होते. जिजा भागाबाईंकडे वड्या घालायला गेली होती. गोपिकाबाई उजव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. डावा मांडीवर पडलेला, कोणी ठेवायला दिल्यासारखा.

"लिह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ते कारड. हाडाचं."

मास्तर उठून बसले. तीन महिन्यांत या विषयावर घरात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. "नाई," ते म्हणाले.

"काऊन? तुमचं तं पाह्यल्यावर लिहाचं असते. पाह्यलं ना तुमी."

"नाई पाह्यलं."

"समोर तं बसले होते."

"डोळे मिटले होते मी."

गोपिकाबाईंचा हात सुपात थांबला. मास्तरांना वाटलं त्या रडतील किंवा ओरडतील, आणि यातलं काहीही चाललं असतं. त्यांनी एक खडा शोधला, बाजूला टाकला.

"मले वाटे, तुमी पाहाच्या नादात सोडलं," त्या म्हणाल्या. "खिशात कारड घालताना पाह्यलतं मी. तसं असतं तं एक कारड तं भरलं असतं."

मास्तरांनी सुपाबाहेर पडलेले दोन दाणे उचलून परत सुपात टाकले.

"अन् मंग पुन्ना काऊन नाई वढू देल्लं?"

"तुले सोसलं नसतं."

"मले का तुमाले?"

रस्त्यानं एक बंडी गेली. तिची चाकं कुरकुरत नाक्यापर्यंत गेली तोपर्यंत दोघं ऐकत राहिले. "मले," मास्तर म्हणाले.

गोपिकाबाईंनी मान हलवली. बाजारात वस्तूचा भाव आपण धरला होता तोच निघाला म्हणजे माणूस हलवतो, तशी. "टिकारामले बोलवा," त्या म्हणाल्या.

"दवाखान्यात जाऊ. नागपूरले नेतो, मोठ्या डॉक्टरकडे."

"टिकारामच्या हातात खोट नोती."

टिकाराम दुसऱ्या दिवशी डेपोतून परस्पर आला. हात घेऊन त्यानं तिन्ही बोटं एकेक करून दाबली, गोपिकाबाईंच्या तोंडाकडे पाहत. तोंडावर काही उमटलं नाही. "जुळलेलं मोडा लागन, बाई," तो म्हणाला. "पह्यल्यापेक्षा जास्त हाय हे. अन् बोटाचं मी काई सांगत नाई. येतीन तं येतीन."

"मोडा."

टिकारामनं या वेळी घरधन्याकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "तिले विचार. मले नोको विचारू."

आठ दिवस त्यानं गरम तेलाच्या पट्ट्या बांधायला लावल्या. नवव्या दिवशी सकाळी आला तेव्हा सोबत डेपोवरचा एक दणकट माणूस घेऊन आला होता. बंडूजीही आला होता. भागाबाईंनी आपल्या भावाला उभं केलं होतं. एका हाताला धरायला तीन माणसं हजर होती.

"हे धरतीन," गोपिकाबाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे बोट केलं.

"बाई, दुसरा पाहा," टिकाराम म्हणाला. मास्तर तिथेच उभे होते, पण त्यानं ते त्यांच्या तोंडावरच म्हटलं. "मांगच्या बारीले काय झालं, पाह्यलं ना."

"दुसरा कायले?"

"हे सोडतीन."

"सोडतीन तं सोडतीन. धरतीन हेच."

हा विश्वास होता की शिक्षा होती, याचा मास्तरांनी पुढे पुष्कळ विचार केला. त्या वेळी विचार करायला जागा नव्हती. ते जाऊन बसले आणि कोपराच्या वर दोन्ही हातांनी धरलं. जिजा मागे होती. टिकारामनं पाय रोवला. त्याचं पुटपुटणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं, आणि वाळलेली काडी गुडघ्यावर मोडावी तसा एक बारीकसा आवाज झाला.

मग तो गोपिकाबाईंचा आवाज आला, फाल्गुनातला. या वेळी तो लांबला.

मास्तरांचे डोळे उघडे होते. त्यांना टिकारामच्या मानेवरची शीर दिसत होती, जिजाचे मिटलेले ओठ दिसत होते, आणि आपली स्वतःची दहा बोटं बायकोच्या दंडात रुतलेली दिसत होती. मनगटाचं काय चाललंय ते टिकारामच्या पंजाआड होतं. तिथे पाहावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. टिकाराम "धरा, धरा, धरा" म्हणत होता, बैलाला म्हणावं तसं, एका सुरात. ते धरून होते.

"बसलं," टिकाराम म्हणाला. त्यानं एका हातानं मनगट चाचपलं आणि दुसऱ्यानं कामट्या ओढल्या. "सोडा आता, गुर्जी."

मास्तर धरून होते.

"गुर्जी, सोडा. झालं."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर बंडूजीनं येऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली. गोपिकाबाईंच्या दंडावर दहा जांभळे ठसे उठले होते. भागाबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "हे बाकी पक्कं बसलं," आणि मग अंगणातल्या कोणालाच हसावं की नाही ते कळलं नाही. टिकारामनं बांधून झाल्यावर चहा घेतला नाही. डेपोवर हजेरी होती. तो दणकट माणूस मात्र दोन कप प्यायला, कारण त्याचा दिवस तसाही मोडला होता.

दुपार कलली तेव्हा माणसं पांगली. गोपिकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. बांधलेला हात उशीवर होता आणि कामट्यांच्या टोकाशी बोटांची टोकं तेवढी दिसत होती, तेलानं चकचकीत. मास्तर समोर बसून होते. काय करावं ते न सुचून त्यांनी माशा वारायला पंखा घेतला होता, आणि माशा नव्हत्या.

"अंगठा," गोपिकाबाई म्हणाल्या.

"काय झालं अंगठ्याले?"

"दुखून राह्यला."

मास्तरांनी पंखा खाली ठेवला. "मनगट दुखत असन. आजच बसवलं."

"मनगट तं दुखतेच. अंगठा येगळा दुखून राह्यला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. कपाळावर मात्र घाम होता. "आतून. सुई टोचल्यावानी."

"लय दुखते?"

"लय."

मास्तर पुढे सरकले. त्यांनी हात पुढे केला आणि अंगठ्याच्या टोकापाशी तो थांबला, लावावा की नाही या विचारात. गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी अगदी हलकं बोट टेकवलं. गोपिकाबाईंनी दात आवळले आणि श्वास आत ओढला.

"अन् हे?" त्यांनी शेजारच्या बोटाला हात लावला.

"तेई. थोडं."

"अन् मधलं?"

गोपिकाबाई डोळे मिटून, कान देऊन असल्यासारख्या, त्या बोटाकडे लक्ष लावून बसल्या होत्या.

"मधलं अजून नाई," त्या म्हणाल्या. "पुन्ना लावून पाहा."